डॉक्टरांचं टेबल आणि आपलं काउंटर: नवं मेडिकल टाकणाऱ्यांसाठी

मागच्या मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मानेवाडा रोडवर चिटपाखरू नाही, दुकानातला कूलर गरम हवाच फेकत होता. एक मावशी डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून आल्या. "भाऊ, तुमच्या काकाले चक्कर येऊन राहिली जी दोन दिवसापासून. ऊन लागलं वाटते. एखादी गोळी द्या."

चक्करची गोळी देऊन टाकली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. मी विचारलं, काकांना आधीची औषधं कोणती सुरू आहेत? मावशींनी हातातली कापडी पिशवी काउंटरवर उलटी केली. एका पत्त्यावर, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीवर, टेल्मिसार्टन ४०, आपल्या लेआउटमधल्या (वस्तीतल्या) डॉक्टरांनी लिहिलेलं. दुसऱ्या पत्त्यावर भलतंच नाव, पण मागची कंपोझिशन (आतले घटक) वाचली तर तेच टेल्मिसार्टन ४०, सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. ते धंतोलीतल्या एका दवाखान्यातून डिस्चार्जच्या वेळी मिळालेलं. तिसरा पत्ता गुडघ्यासाठी, एसिक्लोफेनॅक, तिसऱ्याच डॉक्टरांचा. म्हणजे बीपीचं एकच औषध दोनदा, वर पाणी काढणारी गोळी, वर किडनीवर ताण देणारी पेनकिलर, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री.

तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एकमेकांच्या चिठ्ठ्या कोणी पाहिल्या नव्हत्या. मी लेआउटमधल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काकांना लगेच बोलावलं. बीपी निघालं ९६/६०. एक पत्ता बंद झाला, पेनकिलर थांबली, रक्ताची तपासणी झाली. चक्करच्या गोळीची गरजच पडली नाही.

डी.फार्म., बी.फार्म. करून नवं दुकान टाकणारी मुलं माझ्याकडे येतात, माल कुठून उचलायचा, संदेश दवा बाजारात उधारी किती दिवसांची मिळते, हे विचारतात. ते सगळं महिनाभरात आपोआप समजतं. डॉक्टरांसोबत काम कसं करायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते मी कसं करतो, तेवढं इथं लिहितो.

आधी ओळख करून घ्या, पण वेळ बघून

दुकानापासून किलोमीटरभराच्या आतले तीन-चार फॅमिली डॉक्टर निवडा. सगळ्यांकडे जायची गरज नाही. ज्यांच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे रोज येतात तेवढे पुरे. सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, ओपीडी तुडुंब असते. दुपारी एक-दीडला, सकाळची ओपीडी संपता संपता जा. कंपाउंडरला आदल्या दिवशी सांगून ठेवा. एम.आर.च्या (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या) रांगेत बसू नका, तिथं बसलात की तुम्हीही काहीतरी विकायला आलात असंच वाटतं.

दहा मिनिटं मिळतील. मी एका कागदावर चार प्रश्न लिहून नेतो. अडचण आली तर फोन कोणत्या वेळी चालेल, आणि तातडीचं असेल तर कोणत्या नंबरवर? चिठ्ठीवरचा ब्रँड शॉर्ट असला तर तुम्हाला काय चालतं? जुन्या चिठ्ठीवर औषध किती वेळा द्यावं? आणि तुम्ही गावाला गेलात तर तुमचे पेशंट कोण बघतं? उत्तरं तिथंच लिहून घ्या. त्यांच्यासमोर लिहिलं की पुढच्या वेळी फोन उचलला जातो, हा माझा अनुभव.

एक वयस्कर डॉक्टर मला पहिल्या भेटीत म्हणाले होते, "तुमचं काम औषध द्यायचं, आमचं लिहायचं. मध्ये बोलायचं काय?" मी वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्याच पेशंटच्या पिशवीत थायरॉइडची गोळी दोनदा सापडली, तेव्हा फोन केला. त्यानंतर ते स्वतःहून फोन करायला लागले. वादापेक्षा एक नीट केलेला फोन जास्त कामाचा.

पिशवी मागायची सवय लावा

बीपी, शुगर, हृदय, किडनी, मिरगी, संधिवात यांपैकी काही असलेला पेशंट पहिल्यांदा आला की त्याला सांगायचं, पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. ‘सगळी’ या शब्दावर जोर द्या. लोक आयुर्वेदिक काढा, जिमची पावडर, शेजारणीनं दिलेली गुडघ्याची गोळी यांना औषधात धरत नाहीत.

नागपुरात दुबार औषधाचं एक ठरलेलं कारण आहे. सरकारी मेडिकल कॉलेजमधून (इथं त्यालाही नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात), मेयो या सरकारी दवाखान्यातून किंवा मिहानच्या एम्समधून आलेल्या पेशंटकडच्या गोळ्यांवर बहुतेकदा नुसतं औषधाचं नाव असतं, म्हणजे ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन. लेआउटमधले डॉक्टर ब्रँड लिहितात. पेशंट दोन्ही वेगळ्या गोळ्या समजून दोन्ही घेतो, आणि मनापासून घेतो, कारण एक "मोठ्या दवाखान्यातली" असते नि एक "आपल्या डॉक्टरची". शुगरच्या गोळ्यांत तर तीन-तीन औषधं एका गोळीत कोंबलेली असतात. ग्लिमेपिराइड दोन पत्त्यांत लपून बसलं की रात्री शुगर उतरते आणि घरचे म्हणतात, म्हातारपण आलं.

म्हणून पिशवी आली की कंपोझिशन वाचून यादी करायची. माझी यादी वहीच्या अर्ध्या पानावर मावते: औषधाचं मूळ नाव, ताकद, कधी घेतो, कोणी लिहिलं, कधीपासून. खाली ॲलर्जी. कार्बन घालून दोन प्रती. एक पेशंटच्या फाइलमध्ये, कारण तो ती डॉक्टरांसमोर ठेवणार आहे. एक आपल्याकडे. कॉम्प्युटरवर करायची असेल तर करा, पण पेशंटच्या हातात कागद गेलाच पाहिजे. धरमपेठेतल्या कार्डिओलॉजिस्टच्या टेबलावर तुमचं सॉफ्टवेअर उघडणार नाही.

फोन कसा करायचा

नवीन मुलं इथंच बिचकतात. एक तर फोनच करत नाहीत, किंवा केला की "सर, चिठ्ठीत चूक आहे" अशी सुरुवात करतात.

आधी मनात तीन खण करा. पहिल्या खणात ते, जे विचारल्याशिवाय गोळी हातात द्यायचीच नाही: ॲलर्जी असलेलं औषध, दहापट वाटणारा डोस, गरोदर बाईला न चालणारी गोळी, रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत नवीन पेनकिलर. तो फोन ओपीडी कितीही भरलेली असली तरी आत्ताच जातो. दुसऱ्या खणात संध्याकाळपर्यंत चालेल असं. तिसऱ्यात नुसती माहिती, ती चिठ्ठीच्या मागे लिहून पेशंटसोबत पाठवायची.

फोनवर तीस सेकंद मिळतात असं धरून चाला. मी असा बोलतो:

"नमस्कार सर, मेडिकलमधून बोलतोय. तुमच्या आत्ताच्या पेशंट, बासष्ट वर्षांच्या ताई, लघवीच्या त्रासासाठी आल्या होत्या. तुम्ही कोट्रायमोक्साझोल लिहिलंय. त्यांच्या पिशवीत वॉरफरिन आहे, सरकारी मेडिकलच्या ओपीडीतून सुरू आहे. आयएनआर वाढू शकतो म्हणून थांबलो. बदलता का, की तपासणी लावता?"

(वॉरफरिन रक्त पातळ करतं. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप.) आधी कोण, मग काय लिहिलंय, मग मला काय दिसलं, शेवटी प्रश्न. निर्णय त्यांचा, आणि तो प्रश्नाच्या रूपात त्यांच्या हातात गेला पाहिजे. उत्तर मिळालं की चिठ्ठीवर लिहा: "डॉ.शी बोललो, संध्या. ७:४०, औषध बदललं", खाली सही. औषधच बदललं असेल तर नवीन चिठ्ठीचा सही केलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवायला २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे. शेड्यूल एक्सची, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणाच्या यादीतली, औषधं मात्र त्या सूचनांनुसार टेलिमेडिसिनवर लिहिता येत नाहीत. फोटो डॉक्टरांच्या नंबरवरून तुमच्या नंबरवर यावा. लेआउटच्या ग्रुपवर चिठ्ठ्या फिरताना मी पाहिल्या आहेत, नावासकट, आजारासकट. ते बघून अंगावर काटा येतो.

पेशंटसमोर काय बोलायचं? "डॉक्टरसाहेबांना एक गोष्ट विचारून घेतो, दहा मिनिटं बसा." खोटं नाही, आणि डॉक्टरांवरचा विश्वासही हलत नाही. "मागवावं लागेल" असली थाप मारू नका. पुढच्या गल्लीत ते औषध मिळतं, आणि पेशंट तिथून घेऊन मोकळा होतो.

ब्रँड बदलण्याची घाई करू नका

"तेच आहे, कंपनी वेगळी" हे वाक्य आपल्या धंद्यात दिवसातून वीसदा ऐकू येतं. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम उघडून वाचा. शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी) आणि एक्समधल्या औषधाच्या चिठ्ठीवर त्याऐवजी दुसरं काही, अगदी तेच घटक असलेलंही, स्वतःच्या मर्जीनं देता येत नाही. व्यवहारात सगळे देतात, हे मलाही माहीत आहे. पण त्यातून वाट आहे. पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा, नेहमीची औषधं मूळ नावानं लिहिलीत तर माझंही काम सोपं होईल आणि पेशंटचेही पैसे वाचतील. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव स्पष्ट, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये वैद्यकीय परिषदेनं केलेली आहेच. चिठ्ठीवर नुसतं ‘ॲम्लोडिपिन ५’ असलं की पेशंट जनऔषधी केंद्रातून घेवो की तुमच्याकडून, कोणालाच फोन करावा लागत नाही.

काही औषधांना मात्र हात लावायचा नाही. थायरॉइडचं थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मिरगीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन. यात डोसची फट बारीक असते, थोडंही कमी-जास्त चालत नाही. एकदा बसलेला ब्रँड बदलला तर डॉक्टरांना कळायलाच हवं, नाहीतर पुढच्या महिन्यात रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टर विनाकारण डोस बदलतात.

जुन्या चिठ्ठ्यांचं काय

वर्षभरापूर्वीची, घडीच्या जागी फाटलेली, प्लास्टिकच्या पन्नीत घातलेली चिठ्ठी. "हेच द्या, चांगलं चालते." याच ६५ व्या नियमात म्हटलंय की डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. पेशंटला ही अडचण वाटते, आणि दर महिन्याला फी देऊन तीच चिठ्ठी लिहून आणणं त्याला खरंच परवडत नाही. मी डॉक्टरांना विनंती केली की बीपी-शुगर स्थिर असेल तर चिठ्ठीवर ‘३ महिने रिपीट’ लिहा आणि पुढची तपासणी कधी, तेही लिहा. तिघांनी मान्य केलं. आता मी दर महिन्याला चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारतो, तिसऱ्या शिक्क्यानंतर पेशंटला परत पाठवतो. डॉक्टरांना पेशंट वेळेवर दिसतो. शिक्के बघितले की तो गोळ्या नियमित घेतो का, हेही त्यांना कळतं. वीस तारखेला संपायचा पत्ता पुढच्या महिन्याच्या दहाला संपला, तर बीपी का वाढलं हे विचारायलाच नको.

अँटिबायोटिकच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही. नवीन दुखणं, नवीन चिठ्ठी. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एचवनमधल्या (बरीच अँटिबायोटिक असलेल्या यादीतल्या) औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंट, औषध, नग, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. टीबीची औषधं त्यातच येतात. टीबीचा पेशंट कळवणं २०१८ पासून केमिस्टवरही बंधनकारक आहे. तीन आठवडे खोकल्याचं सिरप नेणारा माणूस दिसला, तर त्याला चौथी बाटली देण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवा.

आठवड्यातून एकदाची गोळी

माझी स्वतःची चूक सांगतो. संधिवाताच्या एका ताईंची चिठ्ठी होती, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारक्या. गर्दीत मी पाकिटांवर उलट लिहिलं. रोज घ्यायच्या पाकिटात मेथोट्रेक्सेट. हे औषध चुकून रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो. नशीब, रात्री हिशेब करताना नग जुळेना म्हणून लक्षात आलं. रात्री दहाला त्यांच्या घरी गेलो, पाकीट परत घेतलं, आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती. डॉक्टर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते चिठ्ठीवर ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत लिहायला लागले, आणि मी मार्करनं पाकिटावर ‘सोमवार’ लिहून पेशंटकडून वाचून घेतो. चार आठवड्यांच्या वर नग देत नाही.

आपली चूक डॉक्टरांपासून लपवली की पुढच्या वेळी त्यांची चूक सांगायला तोंड राहत नाही.

उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच

इथल्या उन्हाळ्यात औषधांचे दोन वेगळे प्रश्न असतात. एक साठवणुकीचा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीला. दुकानातून घरी जाताना बर्फाला चिकटवून देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना मी रुंद तोंडाच्या माठाची युक्ती सांगतो: ओली वाळू, त्यात झाकणाचा डबा, डब्यात सुरू असलेलं इन्सुलिन. आपल्या कोरड्या हवेत ते छान थंड राहतं. पावसाळ्यात तेवढा उपयोग नाही. दुचाकीच्या डिक्कीत औषध ठेवून तर्री पोहे खायला थांबणारे तर रोजचेच.

दुसरा प्रश्न मोठा. उलट्या-जुलाब किंवा ऊन लागून अंगातलं पाणी गेलं असताना बीपीची काही औषधं, पाणी काढणाऱ्या गोळ्या, शुगरची मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन तशीच सुरू ठेवणं किडनीला महाग पडू शकतं. कोणती थांबवायची आणि किती दिवस, हे आपण ठरवायचं नाही. म्हणून मार्चमध्ये यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि ज्यांना या गोळ्या आहेत त्यांच्या कार्डावर त्यांच्याच अक्षरात एक ओळ लिहून घ्यायची: जुलाब झाले तर अमुक गोळी थांबवून मला फोन करा. मे महिन्यात ती ओळ सोन्याची ठरते. सोबत ओआरएसचं एक लिटरचं मोठं पाकीट, एक लिटर पाण्यात एक. टेट्रापॅकमधली गोड पेयं शुगरवाल्यांना ओआरएस म्हणून देऊ नका.

लेकरांची सिरपं आणि बॅच नंबर

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं किडनी निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत येत होती. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्या आठवड्यात माझ्या दुकानात प्रत्येक आई एकच विचारत होती, "आमचं कोणतं होतं?" ज्यांच्या बिलावर बॅच होता त्यांना मी उत्तर देऊ शकलो.

तेव्हापासून सिरपच्या प्रत्येक बिलावर बॅच आणि मोबाईल नंबर, अपवाद नाही. परत मागवलेल्या बॅचची बातमी आली की आधी शेल्फ, मग बिलं, मग जवळच्या डॉक्टरांना मेसेज. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं लिहू वा देऊ नयेत आणि पाचाखालीही सहसा नकोत, अशी केंद्राची सूचना त्याच ऑक्टोबरमध्ये निघाली. ती छापून मी डॉक्टरांनाही दिली आणि काउंटरवरही लावली. आई आग्रह धरते तेव्हा दोघांचं उत्तर एकच निघालं पाहिजे. औषधानं पुरळ, सूज, काहीही विचित्र झालं तर १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं, पेशंटलाही आणि आपल्यालाही.

पैशाचं

कोणी कट मागेल. कोणी न मागता तुम्हीच द्यायला निघाल. दोन्ही नको. डॉक्टरांना कमिशन घेणं २००२ च्या आचारसंहितेत निषिद्धच आहे, पण माझं कारण त्याहून साधं आहे. ज्याला मी पैसे देतो त्याला मी "सर, हा डोस जास्त वाटतो" म्हणू शकत नाही. दिवाळीला चिवड्याचा डबा चालतो.

नव्या डॉक्टरांसाठी दोन ओळी

तुम्हीही नवीनच दवाखाना टाकला असेल तर चिठ्ठीवर पेशंटचं वय, शक्य असेल तिथं निदान, आणि लेकरांचं वजन लिहा. वजन दिसलं की डोस आम्ही पडताळू शकतो. एखादं औषध बंद केलं तर "अमुक बंद" असं ठळक लिहा. पेशंटला नवीन गोळी सुरू झाल्याचं कळतं, जुनी थांबवल्याचं कळत नाही. तो दोन्ही घेऊन आमच्याकडे येतो.

सुट्ट्यांचं गणित

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, इतवारी-महालाकडून माल वेळेवर निघेल याचा भरवसा नसतो. दिवाळीत डॉक्टर गावाला, स्टॉकिस्ट बंद. म्हणून प्रत्येक मोठ्या सणाच्या आठ दिवस आधी मी इन्सुलिन, मिरगीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि सिकलसेलच्या पेशंटचं हायड्रॉक्सियुरिया मोजून घेतो, ज्यांचा पत्ता सणात संपणार त्यांना फोन करतो, आणि डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून विचारून घेतो, साहेब कधी निघणार, परत कधी, आणि तोवर फोन कोणाला करायचा. ते नाव नि नंबर गल्ल्याशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला असतो.